सात मिलिमीटरची डिस्क

लॅपटॉप भरला. म्हणजे पडद्यावरची निळी पट्टी लाल झाली आणि कोपऱ्यात सूचना यायला लागली की डिस्कवर जागा नाही. पहिल्या दिवशी मी ती सूचना बंद केली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी नववीच्या भूगोलाच्या गाइडचं एक प्रकरण सेव्ह करताना मशीनने साफ नकार दिला आणि दीड तासाचं काम गेलं. मी टेबलावर हात आपटून जे काही बोलले ते ऐकून मुलगी आतल्या खोलीतून कानातले हेडफोन काढत बाहेर आली.

"आई, डिलीट कर ना जुनं काहीतरी."

डिलीट कर म्हणे. आदल्या आठवड्यात मी तेच करत होते. नवऱ्याच्या गावच्या ग्रुपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ उडवले, तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे हललेले, कोणाचं डोकं कुठे ते कळत नाही असले फोटो उडवले. दोन जीबी मिळाले. दोन दिवसांत पट्टी परत लाल.

मी घरून डीटीपी करते. कांजूरमार्ग पूर्वेला आमचं वन रूम किचन आहे, त्यातल्या खिडकीपाशी माझं टेबल. गाइडं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मध्ये मध्ये लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल. लोकांना वाटतं, एवढ्याने लॅपटॉप कसा भरेल? अक्षरांनी नाही भरत. प्रकाशक जे नकाशे आणि आकृत्या स्कॅन करून पाठवतो त्यांनी भरतो. एकेक नकाशा एवढा जड असतो की उघडायला घेतला की मी चहा टाकून येते.

आणि नवीन लॅपटॉप का घेत नाही, हा दुसरा प्रश्न. तो मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर पाठच करून ठेवलं. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. युनिकोडच्या आधीचं. ते नवीन मशीनवर चालत नाही. माझ्या प्रकाशकाची गेल्या वीस वर्षांची सगळी पुस्तकं त्याच फाँटमध्ये आहेत, आणि दर वर्षी अभ्यासक्रमात चार ओळी बदलल्या की त्या जुन्या फाइलमध्येच बदलायच्या असतात. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, मी ती वापरून बघितली. 'सूर्य'चा 'सूयर्' होतो. चारशे पानांच्या पुस्तकात प्रत्येक रफार एक घर पुढे उडी मारून बसला की काय होतं, ते ज्याने निस्तरलंय त्यालाच विचारा.

तेव्हा ठरलं की लॅपटॉप हाच ठेवायचा आणि आतली डिस्क मोठी टाकायची. किती साधं वाटलं होतं मला.

माझे दीर ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहेत. कंपनी आयटीची, ते तिथे लोकांच्या रजा आणि हजेरी बघतात. पण घरात कोणाचाही फोन हँग झाला की त्यांनाच विचारायची पद्धत आहे, आणि त्यांनाही ते आवडतं. रविवारी ते मासे घेऊन आले, सोफ्यावर मांडी घालून बसले आणि मी पूर्ण बोलायच्या आतच म्हणाले, "वहिनी, एकदम सोपं आहे. एनव्हीएमई टाकायची. साधी डिस्क विसरा आता. ही रॉकेट आहे रॉकेट."

"पण भाऊजी, ती ह्यात बसते ना?"

"सगळ्यात बसते."

"माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे."

"म्हणून तर सांगतोय. नव्यासारखा होईल." आणि माझ्यासमोर, कोलंबीची साल काढता काढता, त्यांनी फोनवरून ती मागवून टाकली. एक टीबी. माझ्या वाढदिवसाची भेट म्हणाले. वाढदिवसाला चार महिने होते.

ती आली तेव्हा मी बराच वेळ बघतच राहिले. बोटभर लांब, हिरवी पट्टी. पुढच्या रविवारी दीर बारीक पेचकसांचा संच घेऊन आले आणि लॅपटॉप पालथा घातला. अकरा स्क्रू निघाले. झाकण निघालं. आत धुळीचा एक छान थर होता. त्यांनी फुंकर मारली, ती धूळ माझ्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांवर गेली. मग त्यांनी ती पट्टी हातात धरून लॅपटॉपच्या पोटात सगळीकडे फिरवून बघितली. इथे लावून, तिथे लावून.

"हिचा स्लॉट कुठेय?" ते म्हणाले.

"मला विचारताय?"

"असायला हवा होता." त्यांनी पट्टी उलटी करून परत लावून बघितली. "कंपनीने द्यायला हवा होता यार. हा काय प्रकार आहे?"

स्लॉट नव्हताच. त्या लॅपटॉपमध्ये फक्त एका चपट्या चौकोनी डब्यासारख्या डिस्कची जागा होती आणि त्यात जुनी डिस्क बसली होती. दिरांनी झाकण परत लावलं. दहा स्क्रू लागले, एक हातात उरला. तो त्यांनी माझ्या पेनांच्या भांड्यात टाकला आणि म्हणाले, "वहिनी, मी काय म्हणतो, तुम्ही सगळं क्लाउडवर का नाही टाकत?"

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून मला नवऱ्याचा आवाजही ऐकू येत नव्हता, कारण तो काही बोलतच नव्हता. माझा नवरा भांडुपला एका वर्कशॉपमध्ये तपासनीस आहे. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजतो. घरी आल्यावर शब्दही मोजूनच वापरतो. भाऊ लॅपटॉप खोलत होता तेव्हा हा शेजारी बसून पेपर वाचत होता.

ती पट्टी परत पाठवली. मग मी ठरवलं, आता घरच्या तज्ज्ञांना विचारायचं नाही. घाटकोपरला स्टेशनजवळ एक कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथे माझ्या ओळखीच्या एका बाईने प्रिंटर दुरुस्त करून घेतला होता. मंगळवारी बसने गेले. लॅपटॉप नेला नाही, कारण त्यात तीन शाळांच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि मी मुख्याध्यापकांना शब्द दिला होता की मशीन माझ्या नजरेआड होणार नाही.

दुकानाचा मालक काउंटरवर बसून एकाच वेळी दोन फोनवर बोलत होता. मी वाट बघितली. माझ्यामागून आलेल्या दोघांना माउस आणि चार्जर मिळाला, ते गेले, मी उभीच.

"बोला मॅडम."

मी सांगितलं. जुना लॅपटॉप, डिस्क भरली, मोठी हवी.

"हो जायेगा. नवीन डिस्क टाकतो, फ्रेश फॉरमॅट मारून देतो, एकदम झकास."

"फॉरमॅट नको. आतलं सगळं जसंच्या तसं हवंय. माझं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ते परत टाकता येणार नाही."

"सॉफ्टवेअर सब डाल देंगे मॅडम."

"ते तुमच्याकडे नसणार."

"सगळं असतं."

"मराठी टायपिंगचं आहे. वीस वर्षांपूर्वीचं."

"हां, मराठी फाँट? वो तो नेट पे फ्री मिलता है."

मी डोळे मिटले. ट्रॅफिकचा आवाज, वरून मेट्रो गेल्याचा आवाज, आणि हा माणूस मला मराठी फाँट फुकट देतोय. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, हळू, शाळेतल्या मुलाला सांगतात तसं. त्याने मान हलवली आणि कपाटातून एक खोका काढला. दोन टीबीची हार्ड डिस्क. "हे घेऊन जा. दोन टीबी. आयुष्यात भरणार नाही. बसली नाही तर परत आणा."

एकाच्या जागी दोन मिळतायत म्हणून मी हुरळले, हे कबूल करते. घेऊन आले. संध्याकाळी मीच लॅपटॉप पालथा घातला, दहा स्क्रू काढले, एका वाटीत ठेवले. जुनी डिस्क ओढून काढली, नवीन आत सरकवली. गेली. आनंद झाला. झाकण लावलं तर ते बसेना. एका कोपऱ्यात दाबलं की दुसरा कोपरा वर. मी दाबून बघितलं, ठोकून बघितलं, शेवटी त्यावर शब्दकोश ठेवून बघितला.

नवरा आंघोळ करून आला होता. त्याने थोडा वेळ बघितलं. मग आत जाऊन कामाच्या पिशवीतून व्हर्नियर आणलं, तेच ते, ज्याने तो दिवसभर जाडी मोजतो. जुनी डिस्क त्याच्या जबड्यात धरली.

"सात."

मग नवीन धरली.

"साडेनऊ."

"म्हणजे?"

"अडीच मिलिमीटर जाड आहे. नाही बसणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, तीन आठवडे घरात हा तमाशा चाललाय. तुमच्या भावाने लॅपटॉप खोलला तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. तेव्हा मोजायचं नाही?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला आणि व्हर्नियर फडक्याने पुसून परत डबीत ठेवलं.

त्या रात्री जेवताना मी बोलले नाही. त्याला फरक पडला असेल असं वाटत नाही, तो तसाही बोलत नाही.

बुधवारी परत घाटकोपर. ह्या वेळी लॅपटॉप मांडीवर घेऊन, कागदावर '७ मिमी' लिहून. मालक म्हणाला, "साडेनऊ और सात में क्या फरक है मॅडम, थोडा ग्राइंड कर देंगे." लॅपटॉपचं झाकण घासून देतो म्हणाला. मी हसले नाही, म्हणून तोही हसायचा थांबला. तेवढ्यात दुकानाच्या आतल्या भागातून आवाज आला, "शेठ, थांबा. ताई, इकडे आणा."

आत एका लांब टेबलापाशी पस्तिशीची एक बाई बसली होती, कपाळावर भिंग लावलेलं, समोर चार लॅपटॉप पोट उघडून पडलेले. तीच तिथली दुरुस्ती करायची. मला दोन वेळा ह्या दुकानात येऊन हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने कागद वाचला, लॅपटॉप चालू केला, कानाजवळ धरला.

"ही घरघर कधीपासून येतेय?"

"येतेय? मला वाटलं पंखा आहे."

"पंखा नाही ताई. डिस्क जायला आलीये. जागा राहू दे, आधी हिच्यातला माल बाहेर काढू." मग तिने विचारलं, "फॉरमॅट चालणार नाही, बरोबर? काहीतरी जुनं सॉफ्टवेअर आहे?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. काल मी मालकाला जे तीन वेळा सांगितलं ते आत बसून हिने एकदा ऐकलं होतं.

"मग काल का नाही बोललीस?" मी विचारलं.

"काल माझ्या टेबलावर पाण्यात पडलेला फोन होता. शेठ विकत होते, विकू दिलं." तिने खांदे उडवले. "सात मिलिमीटरची एसएसडी घ्या. पाचशे की एक टीबी?"

"तू सांग."

"हा लॅपटॉप किती वर्षं चालवणार?"

बिजागरी ढिली होती, 'ळ' दोनदा दाबल्याशिवाय उमटत नव्हता. "जमेल तितकी," मी म्हटलं.

"दोन वर्षं जाईल. तीन म्हणजे नशीब. पण डिस्क त्याच्यानंतरही राहील, बाहेरच्या डबीत घालून वापरता येते. मोठीच घ्या. उगाच परत याल."

एक टीबी घेतली. क्लोन करायचं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवायची. किती वेळ, तर चार-पाच तास. ठेवून जा, संध्याकाळी या, असं मालक म्हणाला. मी म्हटलं मी इथेच बसणार. त्याने मला प्लास्टिकचं स्टूल दिलं, आणि त्या स्टुलावर बसून मी सकाळी अकरापासून एक टक्का, दोन टक्के बघत राहिले. जेवायला गेले नाही. तिने तिच्या डब्यातलं अर्धं सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाकरी मला दिली. तिची आई भांडुपच्या बाजारात मासे विकायची, हिने शिकून दुरुस्तीचं काम धरलं, एवढं कळलं. बाकी ती कामातून मान वर काढत नव्हती आणि मला ते बरं वाटत होतं.

त्र्याऐंशी टक्क्यांवर अडकलं. अर्धा तास त्र्याऐंशी. मग पडद्यावर लाल अक्षरं.

"वाट लागली," ती शांतपणे म्हणाली. "डिस्कवर खराब जागा आहे. ती वाचता येत नाहीये."

"माझ्या प्रश्नपत्रिका?"

"बघू. खराब ते सोडून पुढे जायला सांगते. पण परत पहिल्यापासून."

परत शून्य टक्के. मी स्टुलावर. मालकाने मला दोन वेळा चहा दिला आणि दोन्ही वेळा हेही सांगितलं की डेटा गेला तर दुकान जबाबदार नाही. दुपार गेली, रस्त्यावरचे फेरीवाले बदलले, मला पाठीला रग लागली, आणि रात्री आठच्या सुमाराला शंभर झाले. तीन फाइल वाचता आल्या नव्हत्या. तिने नावं दाखवली. दोन कुठल्याशा लग्नपत्रिका होत्या, त्या जोडप्यांची मुलं आता शाळेत जात असतील. तिसरा महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा, तो प्रकाशकाकडे होता. प्रश्नपत्रिका शाबूत. तिने डिस्क आत बसवली, झाकण लावलं. बसलं. स्वतःच्या डबीतून एक स्क्रू काढून अकरावा पण लावून दिला.

घरी येऊन मी लॅपटॉप चालू केला. चहा टाकायलाही वेळ मिळाला नाही, इतक्यात सुरू झाला. सगळं जागच्या जागी. पट्टी निळी आणि जवळजवळ रिकामी. मी भूगोलाचं प्रकरण उघडलं, टाइप करायला बोटं ठेवली, आणि मध्यभागी एक राखाडी चौकट आली. त्यात लिहिलं होतं की ही प्रत ह्या संगणकासाठी नोंदलेली नाही, नोंदणी क्रमांक द्या.

म्हणजे ते सॉफ्टवेअर डिस्क ओळखत होतं. नक्कल कितीही हुबेहूब असो, डिस्क दुसरी होती.

मी दिरांना फोन केला, कारण दुसरं काही सुचलं नाही. "क्रॅक मिळेल वहिनी, मी बघतो," ते म्हणाले, आणि मग, "तरी मी म्हटलं होतं ना, क्लाउड." मी फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "आई, रडतेयस?" मी म्हटलं, नाही. रडत नव्हतेच. माझे कान तापले होते.

सकाळी माळ्यावरून जुनं खोकं काढलं. त्यात सॉफ्टवेअरबरोबर आलेली पुस्तिका होती, तिचे कोपरे वाळवीने खाल्लेले. मागच्या पानावरचा दादरचा नंबर लागला नाही. पण आतल्या बाजूला, हा लॅपटॉप घेतला तेव्हा ज्या गृहस्थांनी घरी येऊन ते ह्यावर बसवून दिलं होतं त्यांनी पेनने एक मोबाइल नंबर लिहिला होता. अडचण आली तर, असं म्हणून. मला अडचण आली नव्हती, म्हणून मी कधी लावला नव्हता.

तिसऱ्या रिंगला उचलला गेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

मी सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

"तुम्ही अजून ते वापरता?"

"हो."

"कशाला?"

मी आता खरंच वैतागले. "म्हणजे काय कशाला? तुम्हीच विकलंत ना?"

"विकलं आणि केलंही मीच. कंपनी बंद करून मला कितीतरी वर्षं झाली बाई. जग युनिकोडवर गेलं. तुम्ही जात का नाही?"

मी रफारांचं सांगितलं. प्रकाशकाचं सांगितलं. घरघर करणारी डिस्क, साडेनऊ मिलिमीटर, त्र्याऐंशी टक्के, सगळंच सांगून टाकलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "चौकटीत खाली एक आकडा दिसतोय? तो वाचा." मी वाचला. "क्रमांक काढायचं माझं ते मशीन मुलुंडला मुलीच्या घरी गॅलरीत आहे. चालू होतंय का बघतो. दुपारी झोपतो मी, त्यानंतर फोन करतो."

साडेचारला फोन आला. सोळा अक्षरांचा क्रमांक, एकेक सांगितला, बी बॉम्बेचा, एम मुलुंडचा. मी टाकला, चौकटीने नाकारला. परत टाकला, परत नाकारला.

"शून्य आहे ते. ओ नाही," ते म्हणाले.

"तुम्ही ओ म्हणालात."

"मी शून्यालाच ओ म्हणतो. इंग्रजीत म्हणतात तसं."

शून्य टाकला आणि चौकट गेली. मी हुश्श केलं. काय देऊ विचारलं तर म्हणाले, काही नको, पण सध्या जे काही त्यात करता त्यातलं एक पान पाठवा, बघायचंय. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या नव्या गाइडचं पहिलं प्रकरण नुकतंच आलं होतं, त्याचं पान मी त्यांच्या मोबाइलवर पाठवलं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, आपलं काम अजून चालतंय बघून बरं वाटेल.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. नमस्कार वगैरे नाही.

"'वृद्धी'मधल्या 'द्ध'च्या पुढे जागा जास्त सुटते. तुमच्या पानावर सुटलेली नाही. कशी?"

"मी हाताने ओढून घेते."

"दर वेळी?"

"दर वेळी. सुरुवातीपासून."

"ती फाँटमधली चूक आहे. माझी आहे. मला कळवलं का नाही? अर्ध्या तासाचं काम होतं. तेव्हा सगळ्यांना दुरुस्त प्रत पाठवली असती."

मला वाटलं होतं ते तसंच असतं.

"आता करता येईल का?" मी विचारलं.

"नाही. ते मशीन तुमचा क्रमांक काढून झाल्यावर बंद पडलं. आता चालूच होत नाही."

मी फोन ठेवला आणि प्रकरण पुढे उघडलं. आर्थिक वृद्धी आणि आर्थिक विकास ह्यांतला फरक. शोधून बघितलं तर 'वृद्धी' त्यात एकतीस वेळा होती. मी पहिलीपासून ओढायला सुरुवात केली.